डोळ्याची शस्त्रक्रिया, वाढलेला रक्तदाब आणि भूल

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरात एक प्रश्न हमखास निघतो. भूल कशी देणार? पूर्ण की जागेवरची? ज्याचा डोळा आहे त्याला रक्तदाबाचा विकार असेल, तर या प्रश्नाला आणखी धार येते. ‘बीपी आहे, टेबलावर घाबरून आणखी वाढेल, त्यापेक्षा पूर्ण भूल देऊन झोपवूनच टाका’ असे एक मत पडते. ‘बीपीवाल्याला भूल देतच नाहीत’ असे दुसरे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशा वेळी पालक किंवा शेजारी अनेकदा शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडेच येतात. ते डॉक्टर नसतात, पण विचारायला जवळचे आणि विश्वासाचे असतात. निर्णय अर्थातच नेत्रतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी घ्यायचा. परंतु तो कोणत्या तत्त्वावर घेतला जातो, हे समजण्यासाठी शालेय भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र पुरेसे आहे.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यात अपरिचित असे काही वाटणार नाही. अंबरनाथच्या आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले, बदलापूरला राहणारे ६८ वर्षांचे एक गृहस्थ. रक्तदाबाची गोळी गेली दहा वर्षे चालू. शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘पोटात काही घ्यायचे नाही’ हे कोणीतरी सांगितलेले, म्हणून सकाळची गोळीही घेतली नाही. रात्रभर झोप नाही. पहाटेच्या गर्दीतून लोकलने रुग्णालयात आले, आणि टेबलावर रक्तदाब भरला १९६/१०४. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मुलगा चिडला. म्हणाला, “मग पूर्ण भूल देऊन करा ना!” मुलाचे हे म्हणणे वरवर तर्कशुद्ध वाटते. ते का चालत नाही, हाच या लेखाचा विषय.

दाब म्हणजे किती?

रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड असल्याने हे आकडे पाण्याच्या स्तंभात सहज बदलता येतात, आणि मग ते मुलांच्याही डोळ्यांपुढे उभे राहतात. १२० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर पाणी, म्हणजे जवळजवळ एका माणसाची उंची. १९६ मिलिमीटर म्हणजे २६६ सेंटिमीटर. एवढा उंच पाण्याचा स्तंभ वर्गात उभा केला तर तो छताच्या जवळ पोचेल.

आता डोळा पाहा. नेत्रगोलाच्या आतला दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर असतो. १५ धरला तर तो २० सेंटिमीटर पाण्याइतका होतो, म्हणजे मुलांच्या दप्तरातील पट्टीपेक्षाही कमी. धमनीतील दाब डोळ्यापर्यंत पोचेतो थोडा उतरतो, हे खरे. तरीही वर्गाच्या छतापर्यंतचा दाब आणि पट्टीएवढा दाब यांच्यामध्ये फक्त रक्तवाहिन्यांच्या पातळ भिंती उभ्या असतात. नेत्रगोलाच्या मागच्या भागात, दृष्टिपटल आणि बाहेरचे पांढरे श्वेतपटल यांच्यामध्ये रंजितपटल नावाचा एक थर आहे. तो म्हणजे रक्तवाहिन्यांचे दाट जाळेच. डोळा बंद आहे तोवर आतला १५ मिलिमीटरचा दाब या वाहिन्यांना बाहेरून थोडा आधार देत असतो. शस्त्रक्रियेसाठी डोळ्याला छेद दिला, आणि तो उघडाच राहिला, की हा आधार एकदम शून्य होतो. वाहिन्या वयाने ठिसूळ झालेल्या असतील आणि त्याच क्षणी रक्तदाब खूप चढलेला असेल, तर एखादी वाहिनी फुटून रक्त आतून डोळ्यातील भाग बाहेर ढकलू लागते. या प्रकारात दृष्टी कायमची जाऊ शकते. हा अपघात फार क्वचित होतो, परंतु झाल्यास हाती काही उरत नाही. म्हणून शल्यचिकित्सक त्याला विलक्षण घाबरून असतात.

पूर्वी मोतीबिंदू काढताना पारपटलाच्या कडेने दहा-बारा मिलिमीटर लांबीचा छेद घ्यावा लागे. डोळा बराच वेळ उघडा राही. आजच्या ‘फेको’ पद्धतीत मोतीबिंदू ध्वन्यातीत कंपनांनी आतल्या आत फोडून शोषून घेतात. छेद दोन ते तीन मिलिमीटरचा असतो आणि वर टांगलेल्या बाटलीतील द्रव आत सोडून डोळ्यातील दाब सतत टिकवला जातो. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या ‘लहान छेदाच्या’ शस्त्रक्रियेतही सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा असतो आणि तो दाबाने आपोआप मिटतो. तंत्रातील या बदलामुळे रक्तदाबाचा धोका संपला नसला तरी पुष्कळ कमी झाला आहे. भुलीच्या निवडीवरही त्याचा मोठा परिणाम झाला. (जाता जाता एक योगायोग : फाळणीनंतर वसलेल्या कल्याणच्या छावणीला उल्हासनगर हे नाव १९४९ मध्ये मिळाले, आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी मानवी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले.)

‘झोपवून टाकणे’ म्हणजे नेमके काय?

पूर्ण भूल ही झोप नव्हे. झोपलेला माणूस हाक मारल्यावर उठतो, गिळतो, खोकतो, श्वास स्वतः घेतो. पूर्ण भुलीत मेंदूचे काम औषधाने इतके मंदावते की या प्रतिक्षिप्त क्रियाही थांबतात. म्हणून श्वासनलिकेत नळी घालावी लागते, किंवा १९८० च्या दशकात ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी वापरात आणलेला स्वरयंत्रावर बसणारा मुखवटा तरी बसवावा लागतो.

रक्तदाबाच्या दृष्टीने यातील तीन क्षण महत्त्वाचे. पहिला, शिरेतून औषध दिल्याचा. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब घसरतो. दुसरा, नळी घालण्याचा. घशाच्या मागच्या भागाला झालेल्या स्पर्शाने शरीरात अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये उसळतात आणि दाब काही सेकंदांत उंच चढतो. तिसरा, शुद्धीवर येताना नळी काढण्याचा. रुग्ण खोकतो, कुंथतो. छातीतील दाब वाढल्याने डोक्याकडून परत येणारे रक्त शिरांमध्ये तुंबते आणि नुकत्याच शिवलेल्या किंवा मिटलेल्या डोळ्यातील दाबही वाढतो.

निरोगी माणसात हे चढउतार फार मोठे नसतात. ज्याचा रक्तदाब आधीपासून वाढलेला आहे आणि उपचारांनी आटोक्यात आलेला नाही, त्याच्यात मात्र ते फार मोठे होतात : घसरण अधिक खोल, चढ अधिक उंच. ऑक्सफर्ड येथील प्रिस-रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये हे मोजून दाखवले. उपचार न घेतलेल्या रुग्णांत दाब खाली गेला की हृदयाला रक्त अपुरे पडल्याची चिन्हे आलेखावर उमटत. त्याआधी कित्येक डॉक्टर भुलीपूर्वी रक्तदाबाची औषधे मुद्दाम बंद करत असत. या कामानंतर तो सल्ला उलटा झाला. ‘ऑपरेशनच्या आधी गोळी बंद’ ही आपल्याकडील समजूत त्या जुन्या काळाची उरलेली सावली असावी, असे मला वाटते. काही विशिष्ट गटांतील गोळ्या पूर्ण भुलीच्या दिवशी भूलतज्ज्ञ वगळायला सांगतात. परंतु ते त्यांनी सांगावे, शेजाऱ्याने नव्हे.

तेव्हा त्या मुलाच्या म्हणण्यातील चूक कोठे आहे, हे आता लक्षात येईल. पूर्ण भूल देऊन वडिलांची भीती जाईल, पण रक्तदाबाचे चढउतार वाढतील. भीती हे दाब वाढण्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे.

डोळ्याच्या थेंबांची गोष्ट

जागेवरच्या भुलीचा जन्मच मुळी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत झाला. १८४६ मध्ये ईथर आले, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म. पोटाच्या, हातापायाच्या शस्त्रक्रिया सुकर झाल्या. डोळ्याच्या मात्र नाहीत. ईथरच्या भुलीतून उठताना रुग्णाला जी ओकारी आणि खोकला येई, त्याने उघडलेल्या डोळ्याचे नुकसान होई. शिवाय डोळ्याच्या शल्यचिकित्सकाला जागा आणि भूल देणाऱ्यालाही तीच जागा, रुग्णाचा चेहरा!

व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने १८८४ मध्ये हा पेच सोडवला. त्याचा सहकारी सिग्मंड फ्रॉइड तेव्हा कोकेनच्या इतर गुणांचा अभ्यास करत होता. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांच्या अनुभवाचे होते, पण त्याचा डोळ्याशी संबंध कोलरच्या डोक्यात आला. बेडकाच्या डोळ्यात द्रावणाचा थेंब, मग ससा, कुत्रा, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या डोळ्यात. टाचणीचे डोके पारपटलाला लावले तरी काही कळेना. सप्टेंबर महिन्यात हायडेलबर्ग येथे नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. तेथे जाण्याइतके पैसे कोलरजवळ नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचून दाखवला. काही आठवड्यांत ही बातमी युरोप-अमेरिकेत पोचली.

कोकेनचे दोष लवकरच ध्यानात आले. व्यसन हा एक. दुसरा आपल्या विषयाशी थेट जोडलेला : कोकेन रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवते. पुढे १९०५ मध्ये प्रोकेन, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. आज दात काढताना किंवा टाके घालताना जे सुन्न करणारे इंजेक्शन देतात ते बहुधा लिग्नोकेनच. चेतातंतूवरून संदेश जातो तो सोडियमचे आयन पटलातील बारीक मार्गांनी आत शिरल्यामुळे. ही औषधे ते मार्ग बुजवतात. संदेशच निघत नाही, मग मेंदूपर्यंत वेदना पोचणार कशी?

डोळ्यासाठी जागेवरची भूल देण्याच्या आज तीन मुख्य रीती आहेत. एक, इंजेक्शन. पूर्वी ते नेत्रगोलाच्या थेट मागे देत. आता बहुधा गोलाच्या बाजूने, कमी खोल देतात. डोळा बधिर होतो, हलत नाही, काही काळ दिसेनासाही होतो. यातील धोका असा, की सुई आंधळेपणाने आत जाते. क्वचित एखादी वाहिनी फुटून डोळ्यामागे रक्त साठते. रक्तदाब चढलेला असेल तर हे रक्त थांबायला अधिक वेळ लागतो. त्याहून क्वचित सुई नेत्रगोलालाच लागते, किंवा औषध दृष्टिचेतेच्या वेष्टनातून मेंदूकडे जाते आणि श्वास थांबतो. म्हणूनच ‘फक्त इंजेक्शन’ असले तरी नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारे यंत्र लावलेले आणि भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असणे आवश्यक आहे. दुसरी रीत, श्वेतपटलावरील पातळ पडद्याला बारीक छिद्र करून बोथट नळीने औषध सोडणे. टोकदार सुई नसल्याने वरील धोके बरेच घटतात. तिसरी रीत कोलरचीच : नुसते थेंब. यात डोळा बधिर होतो पण हलू शकतो, दिसतही राहते. त्यामुळे ही रीत लहान छेदाच्या, झटपट होणाऱ्या फेकोसाठी आणि सूचना नीट पाळणाऱ्या रुग्णासाठीच योग्य.

एक गोष्ट थोडी बाजूची, पण सांगायला हवी. बाहुली मोठी करण्यासाठी जे थेंब घालतात त्यांत पुष्कळदा फेनिलएफ्रिन असते. तेही वाहिन्या आकुंचित करते आणि अश्रुनलिकेतून नाकात उतरून रक्तात मिसळते. १० टक्के तीव्रतेच्या थेंबांनी रक्तदाब चढल्याची उदाहरणे आहेत. म्हणून अशा रुग्णांत २.५ टक्क्यांचे सौम्य थेंब वापरतात. डोळ्यात थेंब घालण्यापूर्वी ‘मला बीपी आहे’ हे परिचारिकेला सांगणे म्हणूनच निरर्थक नाही.

भीतीचा इलाज आणि घाईचा धोका

जागेवरच्या भुलीत रुग्ण जागा असतो, त्यामुळे भीती उरते. चेहऱ्यावर हिरवे कापड, वर प्रखर दिवा, यंत्राचा आवाज, कापडाखाली कोंडल्यासारखे वाटणे. या भीतीवरचे उपाय मात्र अगदी साधे आहेत. काय होणार ते आधी सांगणे, कापडाखाली ऑक्सिजनची नळी सोडणे, परिचारिकेने हात धरून बसणे. हात धरल्याने भीती घटते हे अभ्यासांतही आढळले आहे. दुखले तर किंवा खोकला आला तर हलायचे नाही, हात दाबायचा, असा संकेतही ठरवता येतो. आणि सूचना रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवी. उल्हासनगरच्या एखाद्या वृद्ध सिंधी आजींना ‘खाली बघा’ हे मराठीत सांगून उपयोग नाही. कानाने कमी ऐकणाऱ्याला तर डोके कापडाखाली गेल्यावर कोणत्याच भाषेत सांगून उपयोग नाही. संकेत आधीच ठरलेला हवा. शिरेतून थोडे शामक देतात, पण बेताने. जास्त झाले तर रुग्ण पेंगतो, घोरतो, आणि मध्येच दचकून मान उचलतो. डोळ्यात उपकरण असताना याहून वाईट काही नाही.

बरे, टेबलावर चढलेला दाब औषधाने झटकन उतरवता येणार नाही का? येतो. अनेक वर्षे निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळण्याची पद्धत होती. दाब भराभर उतरे आणि सर्वांना हायसे वाटे. परंतु त्यात काही रुग्णांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला, आणि १९९६ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने हा प्रकार थांबवावा अशी स्पष्ट मागणी करणारा लेख छापला. कारण समजण्यासारखे आहे. सरासरी रक्तदाब काढण्याची सोपी रीत म्हणजे खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतील फरकाचा तिसरा भाग. १२०/८० चा सरासरी दाब ९३ येतो, १९६/१०४ चा सुमारे १३५. मेंदूच्या वाहिन्या हा सरासरी दाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान कितीही असला तरी आकुंचन-प्रसरण करून मेंदूचा रक्तपुरवठा सारखा राखतात. ज्याचा दाब वर्षानुवर्षे वाढलेला आहे, त्याच्या मेंदूने ही सारी पट्टीच वर सरकवून घेतलेली असते. आपल्याला सर्वसाधारण वाटणारा दाब त्याच्या मेंदूला अपुरा पडू शकतो. ही पट्टी पुन्हा खाली यायला नियमित औषधांचे काही आठवडे लागतात.

म्हणून शस्त्रक्रिया दोन-चार आठवडे पुढे ढकलणे हेच त्या गृहस्थांच्या हिताचे होते. मात्र पुढे ढकलण्यालाही मर्यादा हवी, आणि ही बाजू पुष्कळदा विसरली जाते. पांढऱ्या कोटाच्या दर्शनानेच वाढलेला एकच आकडा पाहून रुग्णाला परत पाठवणे बरोबर नाही. अर्धा तास शांत बसवून पुन्हा मोजावा. १८०/११० ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी मानतात. ब्रिटनमधील २०१६ च्या मार्गदर्शनात तर म्हटले आहे, की नेहमीच्या डॉक्टरकडच्या वर्षभरातील नोंदी १६०/१०० च्या खाली असतील तर रुग्णालयातील वाढीव आकड्यावरून शस्त्रक्रिया अडवू नये. यासाठी हाताशी हवी ती नोंदवही. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, कोठेही रक्तदाब मोजून घेता येतो. तारीख आणि आकडा एका वहीत लिहीत गेले तर भूलतज्ज्ञाला त्या एका सकाळच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. त्याउलट, ठोक तपासण्यांच्या लांबलचक यादीने फारसे साधत नाही. अमेरिका व कॅनडातील सुमारे १९ हजार मोतीबिंदू शस्त्रक्रियांवरचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट रक्त-आलेख तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या गटांत गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच निघाले.

‘मोतीबिंदू पिकू द्या, तोवर बीपीही उतरेल’ हा सल्लाही चुकीचा आहे. पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो, त्याला छेद मोठा लागतो, वेळ अधिक लागतो. अति पिकलेला तर आतल्या आत झिरपून डोळ्याचा दाब वाढवतो. आणि मंद दिसणाऱ्या वृद्धाने लोकलमध्ये चढता-उतरता पडणे हा धोका कोणत्याच यंत्रावर मोजला जात नाही.

जेथे पूर्ण भूलच लागते

इतके सांगूनही काही प्रसंगी पूर्ण भुलीला पर्याय नसतो. लहान मुले. स्मृतिभ्रंश किंवा मानसिक अपंगत्वामुळे पडून न राहू शकणारे. मान किंवा हात सतत थरथरणारे. सतत खोकला येणाऱ्या किंवा दम्यामुळे उताणे झोपू न शकणाऱ्या रुग्णाबाबत मात्र आधी तो विकार आटोक्यात आणणेच बरे, कारण पूर्ण भूल त्याच्या फुप्फुसांनाही झेपेल असे नाही.

या भागातील शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा प्रकार मात्र वेगळाच आहे. अंबरनाथ-बदलापूरची औद्योगिक वसाहत आणि उल्हासनगरच्या गल्ल्यांतील छोटे कारखाने येथे लेथ, ग्राइंडर, छिन्नी-हातोडा यांवर काम करताना लोखंडाचा कण वेगाने उडून नेत्रगोलात घुसतो. डोळा फाटलेला असतो. अशा वेळी डोळ्यामागे इंजेक्शन दिले तर मागून पडणाऱ्या दाबाने आतले भाग जखमेतून बाहेर येतील. म्हणून मोठी जखम असेल तर पूर्ण भूल पसंत करतात, मग कामगाराला रक्तदाब असला तरीही. येथे काही आठवडे थांबायला वेळ नसतो. भूलतज्ज्ञ शिरेतून थोडी थोडी औषधे देत, क्षणाक्षणाला आकडा पाहत दाब आटोक्यात ठेवतो, आणि खोकला न येऊ देता रुग्णाला जागे करतो. डोळ्यातील दाब वाढवणारी काही भुलीची औषधेही तो शक्यतो टाळतो.

अशा कामगाराला रुग्णालयात पोचवेपर्यंत इतरांनी करायचे ते थोडेच आहे. डोळा चोळू द्यायचा नाही, धुवायचा नाही, कण ओढून काढायचा नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. कागदी पेल्याचा तळ डोळ्याच्या कडांच्या हाडावर टेकेल असा ठेवून वरून चिकटपट्टी लावायची, म्हणजे नेत्रगोलावर भार येत नाही. घाबरला आहे म्हणून चहा पाजायचा नाही, कारण पूर्ण भूल द्यावी लागली तर भरलेले पोट धोक्याचे असते. आणि तो रक्तदाबाची कोणती गोळी घेतो, आज घेतली की नाही, हे विचारून एका कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवायचे.